देवघेव बंद पडली तेव्हा : टोरंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे चार महिने

२०२३ सालच्या डिसेंबरात कॅनडातल्या टोरंटो शहरात मालवाहू ट्रेलर पुस्तकांनी भरत होते. रद्दीत काढलेली पुस्तकं नव्हेत. वाचकांनी नेलेली, वाचलेली आणि शहाण्यासारखी परत आणून दिलेली, धडधाकट पुस्तकं. वाचकांनी त्यांचं काम चोख केलं होतं. ग्रंथालयाला मात्र, सायबर हल्ल्यानं संगणक बंद पडल्यामुळे, ती परत आल्याची नोंद करता येत नव्हती, आणि नोंद नाही म्हणून ती फळीवरही लावता येत नव्हती. पुढे हा ढीग दहा लाखांच्या घरात गेला.

देवघेवीच्या खिडकीवर ज्यानं कधी काम केलंय त्याला यातली अडचण लगेच कळेल. इतरांसाठी सांगतो. संगणकाच्या हिशेबात ते पुस्तक अजून अमुक वाचकाच्या नावावर आहे. ते नोंद न करता तसंच फळीवर ठेवलं आणि दुसऱ्यानं नेलं, तर संगणक पुन्हा सुरू होईल तेव्हा एका पुस्तकाचे दोन धनी निघतील. शिवाय त्याच पुस्तकासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणी नंबर लावून बसलेला असेल, तो तसाच बसून राहील. एखाददुसऱ्या पुस्तकाचं असं झालं तर निभावून नेता येतं. शंभर शाखांत रोज असंच होत राहिलं तर कोणतं पुस्तक कुठे आहे हे सांगणारं कुणीच उरत नाही. त्यापेक्षा ट्रेलर बरे, असा तो निर्णय होता. दिसायला हास्यास्पद, पण मला तरी बरोबर वाटतो.

आपल्याकडे जुन्या वाचनालयांत पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा चिकटवलेला असतो, त्यात पुस्तकाचं कार्ड. पुस्तक नेताना ते कार्ड वाचकाच्या तिकिटात सरकवायचं आणि तारखेच्या रकान्यात उभं करून ठेवायचं. वीज नसली तरी ही पद्धत चालते, कारण प्रत्येक पुस्तकाची आठवण त्याच्याच खिशात असते. टोरंटोत ती आठवण एका जागी गोळा केलेली होती. २८ ऑक्टोबरला ती जागाच हाताबाहेर गेली.

हे ग्रंथालय नेमकं काय करतं

टोरंटोची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत सुमारे २८ लाख होती. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या शंभर शाखा, दहा लाखांहून अधिक कार्डधारक, आणि पुस्तकं व इतर साहित्य मिळून संग्रह एक कोटीच्या आसपास. स्थापना १८८३ची. कार्ड शहरातल्या रहिवाशांना फुकट मिळतं. वर्गणी नाही, अनामत नाही. वर्गणीवर वाचनालयं चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून थोडं जड जातं, पण तिथे हा खर्च मुख्यतः शहराच्या करातून भागतो.

आता या प्रकरणाचा कणा असलेली गोष्ट. या शाखांत येणारा प्रत्येक माणूस पुस्तकासाठी येतो असं नाही. तिथे सार्वजनिक संगणक असतात, छपाईची सोय असते, नवीन आलेल्या स्थलांतरितांना कागदपत्रं समजावून सांगणारे लोक काही शाखांत बसतात. २०१४ मध्ये मुख्य संदर्भ ग्रंथालयात त्रिमितीय छपाईची यंत्रं असलेलं तंत्रकेंद्र सुरू झालं. २०१६ मध्ये घरात इंटरनेट नसलेल्यांना वाय-फाय हॉटस्पॉट उसने द्यायला सुरुवात झाली, म्हणजे पुस्तकासारखंच न्यायचं आणि मुदतीत परत करायचं. २०२० मध्ये कोविडनं शाखा बंद पडल्या तेव्हा त्यांतल्या काही इमारतींत गरजूंना अन्न वाटण्याची केंद्रं उभी राहिली.

त्या देशात नव्यानं उतरलेल्या मराठी मुलाचं किंवा मुलीचं पहिलं आठवडाभराचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. भाड्याच्या तळघरातली खोली, चौघांत एक वाय-फाय, प्रिंटर कुणाकडेच नाही. नोकरीसाठी बायोडेटा छापायचा, भाडेकराराची प्रत काढायची, सरकारी अर्ज भरायचा. मोबाईलवर अर्ज भरता येतो म्हणणाऱ्यानं चार पानी अर्ज मोबाईलवर भरून पाहावा, मग बोलावं. अशा माणसाला कुणीतरी सांगतं, लायब्ररीत जा. ती लायब्ररी म्हणजे हीच.

२८ ऑक्टोबर

त्या शनिवारी ग्रंथालयाच्या लक्षात आलं की आपल्या संगणकजाळ्यात कुणीतरी शिरलं आहे. संकेतस्थळ बंद झालं. त्याच्याबरोबर पुस्तकसूची गेली, वाचकांची खाती गेली, शाखांतले सार्वजनिक संगणक आणि छपाई गेली. सुरुवातीला जाहीर केलेला शब्द होता ‘सायबर सुरक्षेची घटना’. पुढच्या काही दिवसांत स्पष्ट झालं की हा खंडणीखोर हल्ला आहे, ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, आणि तो करणारी टोळी ब्लॅक बास्टा.

ही टोळी २०२२च्या वसंतात पुढे आली. तिची रीत दुहेरी होती. आधी फाइलींच्या प्रती चोरायच्या, मग मूळ फाइलींना कुलूप घालायचं. पैसे द्या म्हणजे कुलूप काढतो, आणि नाही दिलेत तर चोरलेलं चव्हाट्यावर मांडतो. त्यामुळे ज्याच्याकडे प्रतिलिपी म्हणजे बॅकअप आहेत तोही पूर्ण सुटत नाही. पहिल्या धमकीला त्याच्याकडे उत्तर असतं, दुसरीला नसतं.

ग्रंथालयानं खंडणी दिली नाही. शहराच्या मुख्य ग्रंथपाल तेव्हा व्हिकरी बोल्स होत्या. त्यांच्या कारकिर्दीत घेतलेला हा निर्णय लोकांना चार महिने त्रास देणारा होता, पण करदात्यांच्या पैशानं अशा टोळीचा पुढचा धंदा चालवून द्यायचा का, हा प्रश्न सार्वजनिक संस्थेला टाळता येत नाही. शिवाय पैसे दिल्यावर चोर चोरलेलं खरंच पुसून टाकतो याची हमी कोण देणार? चोराचा शब्दच ना.

काय चालू राहिलं, काय थांबलं

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की ग्रंथालय बंद पडलं. ते पडलं नाही. शाखा उघड्या होत्या, दिवे लागत होते, फोन चालत होते, शाखांतलं वाय-फाय चालत होतं. मुलांच्या गोष्टींचे कार्यक्रम, अभ्यासाला बसायच्या जागा, वर्तमानपत्रं, सगळं होतं. पुस्तकंही नेता येत होती, कर्मचारी जमेल तशी नोंद ठेवत होते. बातम्या नेहमीच्या संकेतस्थळाऐवजी दुसरीकडे चालणाऱ्या एका तात्पुरत्या पानावर दिल्या जात होत्या.

पण फळीवर दिसेल तेच नेता येई. सूची नसल्यामुळे ‘अमुक पुस्तक कोणत्या शाखेत आहे’ याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. नंबर लावून दुसऱ्या शाखेतून पुस्तक मागवायची सोय, जिच्यावर ही सगळी व्यवस्था उभी आहे, ती गोठली. लहान शाखेला याचा फटका जास्त. मोठ्या शाखेत फळ्या भरलेल्या असतात, शोधत फिरलं तर काहीतरी हाताला लागतं. उपनगरातली दोन खोल्यांची शाखा मात्र इतर नव्व्याण्णव शाखांच्या जिवावर श्रीमंत असते. दुवा तुटला की तिच्याकडे तिच्यापुरतंच उरतं. काही वाचकांना फळ्यांसमोर रेंगाळायचं जुनं सुख परत मिळालं असेल, नाही म्हणत नाही. पण ते सुख ज्याला काहीही चालतं त्याचं. ज्याला परीक्षेसाठी एक विशिष्ट पुस्तक हवं त्याचं नव्हे.

आणि मग ई-पुस्तकं. ती चालू होती! लिब्बी हे ई-पुस्तकांचं ॲप आणि कॅनोपी ही चित्रपटांची सेवा ग्रंथालयाच्या संगणकांवर नाही, त्या त्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालते. हल्ला तिथे पोचला नाही. म्हणजे झालं असं की ज्याच्या घरात टॅब्लेट आहे, इंटरनेट आहे, त्याचं वाचन जवळपास अखंड चालू राहिलं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही आणि म्हणून जो शाखेतल्या संगणकासमोर तासभर बसायला येतो, त्याच्या समोरचा पडदा काळा. आधी वाय-फाय चालू होतं असं म्हटलं, तेही त्यालाच कामाचं ज्याच्याकडे स्वतःचं यंत्र आहे.

मला या प्रकरणात सर्वांत बोचतं ते हे. सार्वजनिक ग्रंथालयानं तंत्रज्ञान आणलं ते ज्याला परवडत नाही त्याला मिळावं म्हणून. हल्ल्यानंतर नेमकं तेवढंच बुडालं आणि ज्याला परवडतं त्याचं तरलं. यात कुणाचा दुष्ट हेतू नाही. सेवा कोणत्या यंत्रांवर ठेवली आहे एवढाच मुद्दा आहे. विकत घेतलेल्या सेवा बाहेर होत्या, स्वतः उभ्या केलेल्या सेवा घरात होत्या, आणि दरोडा घरात पडला. म्हणून सगळंच बाहेर नेऊन ठेवावं, असा सोपा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. शाखेतला संगणक कुठे नेणार? तो तिथेच हवा. त्याचा उपयोगच तिथे असण्यात आहे.

उलट एका गोष्टीनं ग्रंथालयाला वाचवलं, आणि तिचा तंत्रज्ञानाशी काही संबंध नव्हता. टोरंटोनं आधी मुलांचा आणि मग २०२२ मध्ये मोठ्यांचाही विलंबदंड रद्द केला होता. कारण वेगळं होतं. दंडाच्या भीतीनं गरीब घरातली माणसं ग्रंथालयाकडे फिरकेनाशी होतात, हे लक्षात आलं होतं. पण दंड चालू असता तर या चार महिन्यांत काय झालं असतं, विचार करा. परत केलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद नाही, म्हणजे संगणक सुरू झाल्याच्या पहिल्या मिनिटाला लाखो लोकांच्या नावावर दंड चढलेला. तो एकेकाचा हातानं उतरवत बसावं लागलं असतं. दंडच नव्हता म्हणून ‘पुस्तक घरी ठेवा, घाई नाही’ असं सांगता आलं.

स्वतःच्या माणसांची कागदपत्रं

नोव्हेंबरच्या मध्यावर ग्रंथालयानं सांगितलं की चोरी नेमकी कशाची झाली. वाचकांच्या आणि देणगीदारांच्या मुख्य माहितीसंचाला धक्का लागला नव्हता, पण फाइली ठेवायच्या एका सर्व्हरवरून माहिती गेली होती. तीत १९९८पासून ग्रंथालयात आणि त्याच्या प्रतिष्ठानात काम केलेल्यांची नावं, जन्मतारखा, घरचे पत्ते, सोशल इन्शुरन्स क्रमांक आणि त्यांनी दिलेल्या सरकारी ओळखपत्रांच्या प्रती असण्याची शक्यता होती. काही वाचकांची, स्वयंसेवकांची आणि देणगीदारांची माहितीही त्याच सर्व्हरवर होती. सोशल इन्शुरन्स क्रमांक म्हणजे कॅनडात नोकरी, कर, पेन्शन सगळं ज्याला जोडलेलं असतं तो क्रमांक. तो गेला की माणसाच्या नावानं कर्ज काढता येतं, आणि तो पासवर्डसारखा सहज बदलता येत नाही.

१९९८. पंचवीस वर्षं. म्हणजे तेव्हा सुट्टीत पुस्तकं लावायचं काम केलेला एखादा शाळकरी पोरगा आज चाळिशीत असेल, ग्रंथालयाशी त्याचा संबंध कधीच संपलेला असेल, आणि त्याचाही क्रमांक त्या ढिगात असू शकतो.

उत्तर अमेरिकेतल्या ग्रंथालयांना एका गोष्टीचा रास्त अभिमान असतो. वाचकानं काय वाचलं याची नोंद ती जपून ठेवत नाहीत. पुस्तक परत आलं की वाचक आणि पुस्तक यांचा धागा तोडायचा, म्हणजे उद्या पोलीस किंवा आणखी कुणी विचारायला आलं तर सांगायला काही नसतं. जे ठेवलेलंच नाही ते चोरीलाही जात नाही. वाचकांच्या बाबतीत इतका जाणता असलेला हा व्यवसाय स्वतःच्या नोकरांच्या बाबतीत मात्र इतर कुठल्याही कचेरीसारखाच वागला. सगळं ठेवा, कधी लागेल सांगता येत नाही. निवृत्त माणसाच्या ओळखपत्राची प्रत कधी लागणार होती? संगणकात जागा फुकट असते म्हणून टाकून द्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. कागदाच्या काळात निदान कपाट भरायचं.

त्याच दिवशी लंडनमध्ये

योगायोग असा की त्याच शनिवारी, २८ ऑक्टोबरलाच, लंडनची ब्रिटिश लायब्ररीही कोसळली. टोळी वेगळी होती, रायसिडा. सुमारे ६०० जीबी माहिती गेली, वीस बिटकॉइनपासून तिचा लिलाव मांडला गेला, लायब्ररीनं पैसे दिले नाहीत आणि माहिती उघड्यावर टाकली गेली. मुख्य सूची १५ जानेवारी २०२४ला परतली, तीही फक्त वाचण्यापुरती. ब्रिटनमध्ये ग्रंथालयांतून पुस्तक नेलं गेलं की लेखकाला थोडा मोबदला मिळतो. तो हिशेब ब्रिटिश लायब्ररीच ठेवते, तोही रखडला. म्हणजे संगणकावर हल्ला झाला आणि लेखकांचे पैसे अडकले.

ब्रिटिश लायब्ररीनं नंतर एक गोष्ट केली जिचं मला मोल वाटतं. मार्च २०२४ मध्ये काय चुकलं याचा अहवाल तिनं स्वतःच प्रसिद्ध केला. बाहेरून आत यायच्या एका सर्व्हरला दुहेरी ओळखपडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर मागायची दुसरी खूण, नव्हती, आणि जुन्या प्रणाली इतक्या जुन्या होत्या की प्रतिलिपी असूनही त्या परत उभ्या करायला आधुनिक यंत्रं तयार नव्हती, हे त्यात सरळ लिहिलं आहे. प्रतिलिपी आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य दोनदा वाचावं. ऑक्टोबरनंतरच्या महिन्यांत हल्ला झालेल्या ग्रंथालयांची यादी वाढतच गेली. डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडातल्याच ऑन्टारिओ प्रांतातल्या लंडन गावाचं ग्रंथालय, मे २०२४ मध्ये अमेरिकेतलं सिॲटल.

ट्रेलर रिकामे होतात

टोरंटोत सेवा एकदम परतल्या नाहीत. आतल्या प्रणाली नव्यानं उभ्या करणं आणि सार्वजनिक संगणक तपासून एकेक शाखा पुन्हा जोडत जाणं, यात जानेवारी गेला. महिन्याच्या अखेरीस सूची दिसू लागली आणि फेब्रुवारी सरेपर्यंत बहुतेक गाडी रुळावर आली. मग ट्रेलर उघडायचे. दहा लाख पुस्तकं, प्रत्येकाची बारकोडची पट्टी यंत्रासमोर धरायची, ते पुस्तक कुठल्या शाखेचं, त्याच्यासाठी कुणाचा नंबर आहे ते पाहायचं, आणि वेगळ्या पेटीत टाकायचं. संगणक कितीही हुशार असला तरी पुस्तक उचलायला हातच लागतो. सायबर हल्ल्याच्या चर्चेत ज्यांचं नाव कधी येत नाही ते पेट्या वाहणारे आणि वर्गवारी करणारे लोक हे काम करत होते. त्यांच्यातल्या बहुतेकांचे क्रमांकही बहुधा चोरीला गेलेल्या त्या फाइलींत होते.

आपल्याकडे

महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत हजारो वाचनालयं चालतात. शहरानं चालवलेली शंभर शाखांची एकसंध यंत्रणा आपल्याकडे नाही. गावोगावच्या संस्था आहेत, कार्यकारिणी आहेत, अनुदान आहे आणि अनुदानाच्या तपासणीसाठी दाखल नोंदवही आहे. या विखुरलेपणाला आपण नेहमी नावं ठेवतो, पण एका घावात सगळी वाचनालयं आडवी होण्याची सोयही त्यात नाही. मात्र संगणकीकरण होतं तेव्हा ते कसं होतं हे मी पाहिलं आहे. सगळा माहितीसंच कार्यालयातल्या एका संगणकात, आणि त्याची प्रतिलिपी असलेला पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. तिथे खंडणीखोर टोळीची गरज नाही, पावसाळ्यात छत गळलं तरी पुरे.

टोरंटोबद्दल वाचून झाल्यावर आमच्या वाचनालयाच्या बैठकीत मी विचारलं, संगणक महिनाभर बंद पडला तर देवघेव कशी करायची? अध्यक्ष म्हणाले, बंद कशाला पडेल. ग्रंथपालबाई काही न बोलता उठल्या आणि मागच्या कपाटातून दोन लांबट लाकडी ट्रे घेऊन आल्या. जुनी पुस्तककार्डं आणि वाचकांची तिकिटं, तारखांच्या पट्ट्यांसकट, रबर कुजून तुटलेलं म्हणून सुतळीनं बांधलेली. ‘ही ठेवू का मग?’ एवढंच त्यांनी विचारलं. ती रद्दीत काढायचा ठराव त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला होता.